वरची बाजू वर

आडगाव शिवारात आमची हॅचरी.
आत साडेसदतीस, बाहेर सहा.
निफाडकडचे बागवाले द्राक्षं वाचवायला शेकोट्या पेटवतात,
त्यांचा धूर वाऱ्यावर इथवर येतो.
मी मशीनच्या दाराला पाठ लावून रात्रपाळी करतो.

दर तासाला ट्रे कलतात.
हजारो अंडी एकदम कूस बदलतात.
नाही बदलली तर गर्भ कवचाला चिकटतो
आणि संपतो.
सव्वीस वर्षं हा आवाज ऐकतोय.
झोपेतही मी तासाला वळतो म्हणे,
बायको सांगते.

शलाकाचा फोन याच सुमाराला येतो.
ती घाटाखाली, कोकणात, किनाऱ्यावर,
कासवांच्या मागे.
तिचीही रात्रपाळीच.

"बाबा, आज एकशे चौदा. एकाच मादीची."
मी कोंबड्यांत हिशोब करतो, जमत नाही.
"पांढरी, गोल. पडली तर फुटत नाहीत,
नुसता खळगा पडतो."
मग बादली, बादलीत ओली वाळू,
आणि एकेक अंडं उचलताना
वरची बाजू वर.
"फिरवायचं नाही?"
"अजिबात नाही. गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो.
फिरवला की मेला."

त्या रात्री ट्रे कलले तेव्हा
मी उगाच उठून उभा राहिलो.
मग वहीत लिहिलं:
तीन वाजता, ३७.५, सर्व ठीक.

नर की मादी हे तिकडे वाळू ठरवते.
गार राहिली तर नर,
दोन-तीन अंश चढली की माद्याच माद्या.
"आणि वाळू तापत चाललीय, बाबा."

आमच्याकडे मंदाताई ठरवतात.
म्हणजे ठरलेलंच असतं,
त्या फक्त पिल्लाचा पंख उलगडून वाचतात,
गप्पा मारता मारता.
माद्या पुढे. नर निळ्या क्रेटमध्ये.
निळ्या क्रेटचं पुढे काय होतं,
शलाकानं सातवीत असताना विचारलं होतं.
गाडी येते, म्हणालो.
पुन्हा तिनं विचारलं नाही.

"अंडी घालताना रडते का गं ती?"
"मीठ असतं ते. अंगातलं जास्तीचं.
रडणं नाही."
बरं, म्हटलं.
ठक्कर बझारच्या स्टँडवर तिची गाडी सुटली
त्या दिवशी माझंही
जास्तीचंच असणार.

"हजारातलं एखादंच मोठं होतं."
हजारात एक!
पगार साहेब (आडनाव आहे ते, गैरसमज नको)
पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली आलं
तर दोन दिवस चहा घेत नाहीत माझ्या हातचा.

पिल्लांना उचलून पाण्यात सोडत नाहीत.
चालू देतात.
वाळूतून पाण्यापर्यंत, वीस-पंचवीस पावलं आपली,
त्यांची किती, कोण मोजणार.
त्या चालण्यातच म्हणे किनारा अंगात मुरतो.
नर पुन्हा कधी जमिनीवर येत नाही.
मादी येते, दहा-पंधरा वर्षांनी,
पोटात ओझं घेऊन, त्याच बाजूला.
"कशी ओळखते?"
"नक्की कुणालाच माहीत नाही, बाबा."
हे उत्तर मला आवडलं.

चोपन्नाव्या रात्री तिनं फोन वाळूजवळ धरला.
"निघतायत. ऐका."
मला वारा ऐकू आला.
पलीकडच्या खोलीतली माझी चिवचिव
तिला मात्र स्वच्छ ऐकू जात होती.
"आता ठेवते. इथं बॅटरीसुद्धा लावायची नाही,
उजेड दिसला की तिकडेच वळतात."

मी बाहेर आलो.
अंगणातली मोठी ट्यूब बंद केली.
इथून समुद्र दिसत नाही,
आमची गंगासुद्धा जाते ती दुसऱ्याच समुद्राला.
वॉचमन दगूभाऊ ओरडला, काय झालं, लाइट गेली?
नाही, म्हटलं. पाच मिनिटं राहू दे.

आत तास भरला.
ट्रे उजवीकडे कलले.