डावं म्हणजे

आमचा रस्ता इतका उतरता, की
सगळ्यांच्या टपालपेट्या बंदराकडे झुकलेल्या.
आमची सोडून.
आमची मी एप्रिलमध्ये पाडली, पहिल्याच दिवशी.
नवी अजून खोक्यात आहे.
मरडॉक म्हणतो, राहू दे, आधी तुझा हात बसू दे.

सतराशे किलो.
होडी, इंजिन, अर्धी टाकी पेट्रोल,
आणि तळाशी साचलेलं समुद्राचं पाणी,
जे काढायचं मी धक्क्यावरच विसरले.
एका बाजूला टाविटाची सिमेंटची भिंत,
दुसरीकडे माझीच हायड्रेंजिया.
मधे उरतात चार-चार बोटं.
मरडॉकची बोटं, माझी नाहीत.

बत्तीस वर्षं तो हे एका दमात करायचा.
कोपर खिडकीबाहेर, दातात बिस्किट.
मी घरात जाऊन किटली चढवेपर्यंत
बाहेर साखळ्या सुटल्याचा खणखणाट.
कसं करतो, मी कधी पाहिलं नाही.
रोज होणारं कोण पाहतं?

आणि मी नाकासमोर चाललेली बाई.
पोस्टाच्या खिडकीमागे उभी हयात,
तिकीट उजव्या कोपऱ्यात, पत्ता मधोमध.
हे जनावर मात्र
स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे नेतं,
आधी जरासं,
मग जरा जास्त,
मग गाडी आणि होडी
कात्रीच्या पात्यांसारख्या मिटू लागतात
आणि खालून वर येणारा प्रत्येक जण
थांबून, भलेपणाने, दुसरीकडे बघतो.

तीनदा आत, तीनदा बाहेर.
दक्षिणेचा वारा सुटलेला.
टाविटाने बाटली भिंतीवर ठेवली,
हाताने ढकलू का, म्हणाला.
त्याचे दोन मुलगेही बाहेर आले, अनवाणी.
मी म्हटलं, नको. आभारी आहे. नको.

मग गॅरेजच्या तोंडाशी तो येऊन उभा राहिला.
चांगल्या हातात काठी,
म्हणजे खुणेसाठी राहिला तो दुसरा,
जो फेब्रुवारीपासून उचलत नाही.
म्हणून फक्त शब्द.
आणि शब्दांचं तर असं, की
फेब्रुवारीपासून तो रविवारला सोमवार म्हणतो,
दार उघड म्हणतो आणि खिडकीकडे बघतो.
दर गुरुवारी एक मुलगी येते,
त्याला चित्रं दाखवते: चमचा, छत्री, बदक.
बदक त्याला नेहमी येतं.

"डावीकडे, नायरी," तो ओरडला.

आरशात पाहिलं. भिंत डावीकडेच होती.
म्हणजे त्याला उजवीकडे म्हणायचं होतं.
म्हणजे होडी उजवीकडे.
म्हणजे स्टेअरिंग...
इंजिन चालू, पाय ब्रेकवर,
मी स्वतःशी हिशेब मांडत बसले,
जुन्या पाकिटाचं वजन करावं तसा.
मग कंटाळा आला म्हणा,
किंवा पोटरी दुखू लागली,
मी तो म्हणाला तेच केलं.
डावीकडे.

होडीचं शेपूट भिंतीपासून सरकलं.
"डावीकडे," पुन्हा. "अजून. आता उजवीकडे, थोडंसं, थोडंसं गं."
सगळं उलटं, आणि सगळं बरोबर.
हायड्रेंजियाचं एक फूल गेलं, बस.
टाविटाच्या धाकट्याने टाळ्या वाजवल्या
आणि मग कुणीच वाजवत नाही म्हणून थांबला.

चाकाखाली लाकूड सारलं.
होडीचं बूच काढलं, तेव्हा
सकाळचं पाणी उतारावरून खाली निघालं,
जिथून आलं होतं तिकडे, कुणाला न विचारता.

त्याचं चुकलं होतं,
की त्याला स्टेअरिंग आठवत होतं,
बत्तीस वर्षांचं, कोपर खिडकीबाहेर?
विचारणार होते.
पण तो स्वयंपाकघरात गेलाही होता,
काठी दाराला टेकवून, किटलीपाशी.

"चहात मीठ किती?" त्याने विचारलं.
दोन चमचे, मी म्हटलं.