भुईकाट्यावर

सांगली, मार्केट यार्ड. मार्च उतरतोय.
हळदीचे सौदे सुरू झाले की केबिनच्या काचेवर
दुपारपर्यंत पिवळा थर धरतो,
आणि आत मी, भुईकाट्याची ऑपरेटर,
दोन ट्रकांच्या मधे
एक पान वाचते.

पान म्हणजे पान नव्हे.
भाचा ओजस पुण्याहून घेऊन आला ते पाटीएवढं यंत्र.
"मावशी, यात तीनशे पुस्तकं आहेत."
म्हटलं, आधी एक तरी उघडून दाखव.

बरं आहे तसं.
बावन्नाव्या वर्षी अक्षर किती मोठं करावं
याला कुणाची परवानगी लागत नाही.
मी ते एसटीच्या पाटीवरच्याएवढं करते,
मग एका पानावर दोनच वाक्यं मावतात
आणि नायिका दार उघडायला
चार पानं घेते.
भर उन्हात मोबाइल आंधळा होतो, हे होत नाही.
ऊन जितकं कडक तितकी शाई काळी,
वाळवणाला घातल्यासारखं पुस्तक.

शिवाय एका हातानं वाचता येतं.
दुसरा हात भडंगात.
चुकून तोच लागला
की गोष्टीवर लाल तेलाचं बोट उमटतं,
आणि पुसायला जावं
तर सात पानं पुढं पळतात;
खून कुणी केला ते
पुसता पुसता कळतं.

माशीलाही वाचता येतं यावर.
कोपऱ्यात बसली की पान उलटलं.
मी हाकलते, ती परत येते.
तिचा वेग माझ्यापेक्षा बरा.

जोडाक्षरं मात्र याला झेपत नाहीत.
'दुसऱ्या'मधला अर्धा र
सुटून लोंबतो, पोत्याच्या सुतळीसारखा,
वेलांटी शेजारच्या अक्षराच्या घरात जाऊन बसते,
आणि 'ज्ञ'च्या जागी नुसता चौकोन.
तिथे मी मनानं ज्ञ भरते,
पावतीवर राहिलेला गाडी नंबर भरावा तसा.

पान नंबर नाहीत. टक्के आहेत.
हमाल सिद्राम विचारतो, "बाई, किती झालं?"
"त्रेचाळीस टक्के."
"एवढा ओलावा? मग घेणार कोण माल?"

दस्तगीरभाई तोलाईवाले, नाद त्यांनाही.
म्हणाले, ती चोराची गोष्ट झाली की द्या.
काय देऊ?
पूर्वी पुस्तक द्यायचे, त्यात विसरलेलं
माधवनगरचं तिकीट असायचं,
परत यायचं ते त्यांच्या सुपारीचा चुरा घेऊन.
आता एक द्यायचं तर तीनशे द्यावी लागतात,
वर चार्जर.
मग मीच वाचून दाखवते, गाडी नसेल तेव्हा.
ते डोळे मिटून ऐकतात,
आणि चोराला मधेच अक्कल शिकवतात.

परवा संध्याकाळी यार्ड रिकामं होतं.
खाली उतरले आणि हे यंत्र
काट्याच्या मधोमध ठेवून आले.
वर येऊन आकडा पाहिला: शून्य.
हा काटा दहा किलोच्या खालचं मोजत नाही,
मला ठाऊक नाही का,
पण तीनशे पुस्तकं, शून्य,
हे एकदा बघायचं होतं.

कारण त्या पुरानंतरच्या आठवड्यात
गावभागातलं एक वाचनालय
टेम्पोत भरून इथंच आलं होतं,
रद्दीवाल्याच्या नावावर.
पुस्तकं पावासारखी फुगलेली,
काही तर कपाटातून निघेनात म्हणून कपाटासकट.
भरलेला टेम्पो, रिकामा टेम्पो, वजाबाकी:
एक हजार सातशे ऐंशी.
निम्मं कृष्णेचं पाणीच असणार.
पावती मी फाडली. सही माझीच आहे.
वरून दिसत होती त्यातली अकरा
माझी वाचून झालेली होती.
रद्दीवाला म्हणाला, ओल्याचा भाव कमी.

हॉर्न वाजला.
विजापूरची गाडी, उशिरा पोचलेली,
यल्लप्पा खिडकीतून हात हलवतोय:
"अक्का, ते काय ठेवलंय मधी?
काढा की, गाडी घ्यायची हाय!"

धावत जाऊन उचललं.
तेवढ्यात त्याच्यावर हळद बसलेली.
पदरानं पुसलं.
सात पानं पुढं.

राहू दे.
आधी गाडीचं वजन.