जामीन

बर्लिन रस्ता गोल आहे.
चालत राहिलं की पुन्हा बर्लिनच येतो.
पार्के चासमध्ये टॅक्सीवालेही चकतात,
मी तर बसने आले होते,
तेही टाचेला चावणाऱ्या नव्या बुटांत.

तिसरा मजला, मागची बाजू.
सेन्योरा ब्रांकातोंनी तीन किल्ल्या लावून पाहिल्या,
चौथीने दार उघडलं.
"हे एवढंच," त्या म्हणाल्या
आणि हात फिरवून दाखवायला जागा नव्हती म्हणून
नुसती मान फिरवली.

शेगडी कपाटात. कपाट पलंगाला लागून.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण इथे पसरले तर फ्रिजचं दार उघडत नाही.
बूट काढून मी आडवी झाले.
छतावर ओलीचा डाग.
"वाळलाय तो. दोन हजार एकोणीसचा आहे,"
सेन्योरांनी वाइनचं साल सांगावं तसं सांगितलं.
भिंतीपलीकडे कुणी तरी शिंकलं.
मी सवयीने म्हणाले, "जपा हो."
पलीकडून आभार आले.

भाडं ठरलं. दोन महिन्यांची अनामत.
"आणि जामीन?
याच शहरात स्वतःच्या नावावर घर असलेला हवा."
माझ्या ओळखीत असं एकच घर.
तिथले पडदे मी सव्वीस वर्षं धुतले.
नाव त्याचं.

नॉर्बेर्तो मंगळवारी आला, नोटरीकडे,
गुळगुळीत दाढी करून, हनुवटीला कापलेलं.
चष्मा विसरला होता.
माझाच लावून मोठ्याने वाचू लागला:
भाडेकरूने भाडं थकवल्यास
भाडेकरूने भिंतींना इजा केल्यास
भाडेकरू न कळवता निघून गेल्यास
इथे थांबला.
नोटरीला वाटलं, अक्षर लागत नाहीये.
त्याने दिवा जवळ सरकवला.

मग सही. शेवटच्या अक्षराची लांब शेपटी,
लग्नाच्या वहीत होती तशीच.
घटस्फोटाच्या कागदावर ती आखूड होती,
तेव्हा मला वाटलं होतं, पेन संपलं असेल.

जिन्यात त्याने विचारलं, "खिडकी आहे ना?"
आहे म्हटलं. खाली अंगण दिसतं,
एक म्हातारा तिथे कासवाला
लेट्यूसची पानं भरवतो, एकेक.
"बरं," तो म्हणाला,
आणि चष्मा परत द्यायचा राहिला.

काल मीठ आणायला बाहेर पडले.
डब्लिनवरून वळले, कादिस ओलांडलं,
तोच न्हावी दोनदा दिसला.
तिसऱ्यांदा त्याने गिऱ्हाइकाच्या डोक्यावरची कात्री उचलून
मला दिशा दाखवली.

चष्म्याशिवाय चौथी किल्ली बोटांनीच ओळखली.
दार पलंगाला अडतं,
जेवढं उघडतं तेवढ्यातून मी आत.
मीठ डब्यात.

पलीकडची सर्दी अजून गेलेली नाही.