गोंधळाची परवानगी

अर्जात आम्ही लिहिलं होतं : गोंधळ.
साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले,
गोंधळ घालायला परवानगी मागणारे
तुम्ही पहिलेच.
शिक्का मात्र मारला. चार ते सहा,
रस्त्याच्या डाव्या कडेनं.

गेल्या वर्षी फलक पुण्याहून मागवले होते.
घोषणाही तिथल्याच, धुऊन इस्त्री केलेल्या.
भांडीबाजारातल्या बाईनं
तांब्या पुसता पुसता विचारलं,
कशाची जाहिरात आहे?
कुणालाच सांगता आलं नाही.
म्हणून यंदा संबळ.

माझं नाव कौतिक. घरात ते एकदाच झालं, बारशाला.
वडील गोंधळी. लग्नाघरी रात्र जागवणारे,
देवीला ठाण्याठाण्याहून हाक मारणारे.
संबळ मागितलं तर म्हणाले,
देवीचं आहे. मोर्चाचं नाही.
मग सातपूरच्या बँडवाल्याकडून भाड्यानं आणलं,
एका बाजूचं कातडं सैल.

सिद्धराज म्हणाला, माझ्या पणजोबांनी
हलगी विहिरीत टाकली होती,
पुन्हा हाताला लागू नये म्हणून.
तुम्ही वाजवा. मी चालेन.
नसीमा म्हणाली, मी देवीला कशी बोलावू?
चहा गार होत राहिला.
मग तीच म्हणाली,
देवीला कशाला, ती येतेच.
जे येत नाहीत त्यांना बोलवा.

नावं घ्यायची नाहीत एवढं ठरलं.
अंबडच्या दुसऱ्या पाळीतल्या, गोंधळाला ये.
कॉलेज रोडच्या, दोन फोन बाळगणाऱ्या, ये.
पिंपळगावच्या मार्केटात कांद्याचा हिशेब लिहिणाऱ्या,
हळद पुढच्या महिन्यात असलेल्या,
ये रे, अजून वेळ आहे.
सिन्नरच्या बाई, मैत्रिणीला मामेबहीण सांगणाऱ्या,
दोघी या.

माणसं थांबली. चाल ओळखीची होती,
पाय आधी हलले, अर्थ मागून आला.
काहींना तो आवडला नाही. एकानं बाटली फेकली,
अर्धी भरलेली, झाकण लावून.
भांडीबाजारातली बाई पायरीपर्यंत आली.
एवढंच. पायरी उतरली नाही.

वडील रविवार कारंजापाशी उभे होते,
पिशवीत मेथी.
माझ्याकडे बघत नव्हते.
मांडीवर बोटं चालू होती,
माझा ठेका घसरायचा तिथं
ती थांबायची, मी सावरेपर्यंत.

रात्री जेवताना म्हणाले,
डावा हात जड पडतो तुझा.
मी हो म्हटलं.
आणि देवळालीगाव राहिलं.
काय?
हाक मारताना. सिन्नरपर्यंत गेलास,
वाटेतलं देवळालीगाव सोडलंस.
भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले.
तिथं एकजण होता.
दिवटी धरायचा माझ्याबरोबर.
वाऱ्यातही विझू द्यायचा नाही.

आई मीठ आणायला उठली.
मीठ ताटातच होतं.