बारीक की मिडियम

आठला शटर अर्धं खाली येतं,
म्हणजे उजेड आत आणि कामठी रोड बाहेर.
वरून मेट्रो गेली की पावडरचे डबे
फळीवर एकमेकांना टेकतात.
मी मधल्या खुर्चीत. पाठ सरळ, तळवे मांडीवर,
समोर आरसा, मागे आरसा,
आणि दोघांच्या मध्ये रांगेनं
पंचवीस-तीस आचल उंबरकर,
सगळ्या मुलाखतीला आलेल्या,
एकीआड एक पाठमोरी.
छातीवर पिन केलेला सतरा नंबर
आरशात कुणालाच वाचता येत नाही.

नेवारे सुभेदारांना रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
दाढी अजून रोज.
ते डाव्या खुर्चीत, गालभर फेस,
आणि फेसातून प्रश्न :
"काहून जाचं आहे तुले फौजेत?"
सर, देशसेवा हे माझं...
"हे तर बिस्किटच्या पुड्यावरही लिहेल रायते. दुसरं सांग."
सर, शिस्त...
"शिस्त तुह्या बापात आहे. तो गेला का फौजेत?"
बाबा वस्तरा वर धरून थांबतात.
सुभेदार हसले की गाल हलतो,
हे त्यांना माहीत आहे.

धरमपेठेतल्या क्लासचे सर म्हणाले,
वडिलांचा व्यवसाय : 'स्वयंरोजगार' लिही, बरं दिसतं.
लिहिलं. मग खोडलं. खोडताना फॉर्म फाटला.
दुसऱ्या प्रतीवर लिहिलं :
केशकर्तनालय, गड्डीगोदाम, खुर्च्या तीन.
तिसरी हप्त्यावर आहे,
ते लिहायला जागा नव्हती.

जेवण झाल्यावर बाबा शब्द वाचतात,
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा धरून, पंधरा-पंधरा सेकंद.
भीती.
        भीती वाटते तेव्हा मी...
संपले. आई.
        आई कूलरमध्ये पाणी भरते.
बाबा मान वर करतात. "असं चालते का?"
चालतं. खरं आहे ना.
पुढचा शब्द त्यांना नीट लागत नाही,
ते 'परा... भाव' असा तोडून वाचतात
आणि मी लिहिते :
परा भाव म्हणजे समोरच्या दुकानाचा, दहा रुपयांनी कमी.
आम्ही दोघं इतके हसतो
की पुढचे चार शब्द वाया जातात.

खरं उत्तर मला येतं.
त्याच्या मागे 'सर' लावता येत नाही, एवढंच.

मी सहावीत. मे महिना, लाइट गेलेली.
एक जवान आला, मिसरूड नुकतं फुटलेला,
सकाळी गाडी होती त्याची,
कुठली ते सांगायची मुभा नव्हती.
बाबांनी वस्तरा गळ्याशी नेला
आणि तो झोपला.
तोंड उघडं टाकून, घरी झोपतात तसा.
बाबांनी वस्तरा मिटला, उभे राहिले.
मी जुन्या पेपरनं वारा घालत होते,
हात दुखला की हात बदलत होते.
पाऊण तासानं तो दचकून उठला, पाकीट काढायला लागला.
बाबा म्हणाले, "बस, अजून झाली नाही."

हे मी काल सुभेदारांना सांगितलं,
सरळ बसून, हात न हलवता.
ते बराच वेळ छताकडे बघत होते.
मग गालाला बोट लावून म्हणाले,
"फेस वायला."
बाबांनी परत ब्रश भिजवला.

उद्या रात्री भोपाळची गाडी.
बॅगेत पांढरे कॅनव्हास, बारा फोटो,
आईनं कोंबलेला चिवडा.
मी खुर्चीत बसते, आज पाठ टेकून.
वेणी सोडते.
बाबांनी आजवर बाईमाणसाचे केस कापले नाहीत,
माझं जावळसुद्धा मामानं काढलं होतं.
ते कापड झटकतात. पुन्हा झटकतात.
गळ्याभोवती गाठ मारतात, एक बोट आत घालून बघतात,
आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं
आरशातून विचारतात,
"बारीक की मिडियम?"

मी डोळे मिटते.