वर्तुळ, चौकोन

कुओपिओहून बस सुटायची सहा दहाला.
मांडीवर पेटी, पेटीत रिकाम्या नळ्या.
इर्मेली तुओविनेन, वय सत्तावीस,
गोठलेल्या तळ्यापलीकडच्या वाडीत
रक्त मागायला निघालेली.

त्यूने कार्प्पानेननं आधी कॉफी ठेवली,
वेलदोड्याचा पाव कापला,
मग बाही वर सारली.
"आई गेली, दोन्ही मावश्या गेल्या,
सगळ्या पोटानंच,"
उद्याचं हवामान सांगावं तशी म्हणाली.
"पाद्री म्हणतो देवाची इच्छा. तू काय म्हणतेस?"
इर्मेली काहीच म्हणाली नाही.
शीर सापडत नव्हती.

मग अकरा हिवाळे.
चर्चच्या वह्यांतून उतरवलेले जन्म, मृत्यू.
बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष चौकोन,
आजार झाला की आत काळं,
माणूस गेलं की वरून तिरपी रेघ.
कागदाला कागद डकवत
वंशवेल भिंतीवरून दारापर्यंत आली;
दार उघडलं की तीन पिढ्या हलायच्या.

अनुदान दोनदा नाकारलं.
वर्षातल्या सर्वांत लांब दिवशी फ्रीझर बंद पडला,
ती सौनातून ओल्या केसांनी सायकल हाणत आली.
लग्न झालं, मोडलं.
त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

आणि एका मंगळवारी, तसा साधाच मंगळवार,
प्रकाशपेटीवरच्या फिल्ममध्ये एक पट्टी दिसली
जिथं ती असायला नको.
हजारो अक्षरांत एक अक्षर.
आपण ह्याला ध चा मा म्हणतो,
एवढ्यावर माणूस मरतं.
फक्त इथं कारस्थान कुणाचंच नव्हतं.
नक्कल उतरवताना कधीतरी, कुणाच्या तरी कुशीत,
हात चुकला होता.

तिनं फिल्म पुन्हा वाचली. पुन्हा.
त्यूनेला फोन लावायला उठली
आणि रिसीव्हर हातात घेतल्यावर आठवलं,
त्या वर्तुळावर रेघ
तिनंच मारली होती, मार्चमध्ये.

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना
त्यूनेची नात आली, साइमी, निळ्या केसांची.
आता यंत्र दुपारभरात सगळं वाचून टाकतं.
टेबलावर पाकीट, बंद.
"आजीचं रक्त अजून आहे?"
"दोन थेंब."
"बघू?"

उणे ऐंशीतून काढलेली नळी,
हातमोज्यावर धूर, लेबलवर
सत्तावीस वर्षांच्या मुलीचं गोल अक्षर.
साइमी बघत राहिली, काच दवाळेपर्यंत.

भिंतीवर तिचं वर्तुळ कोरं होतं.
पाकिटाकडे हात गेला,
पाकीट थोडं बाजूला सरकवलं.
"आधी कॉफी," ती म्हणाली.