तिसऱ्या विहिरीपाशी

यझ्दच्या इस्पितळात फिल्म आता मशीनच छापतं.
मी फक्त नाव जुळवून पाहते.
आज नाव होतं: रजबअली मुकन्नी, वय एकोणऐंशी.
बाबा.

खोल भागात, रक्त जिथे सगळ्यात शेवटी पोचतं,
तिथे पांढुरकी ओल पसरलेली.
आणि बारीक काळी टिंबं, मोजली तर अकरा:
भिंत जिथे जिथे झिरपली, त्या खुणा.
डॉक्टर बेहनूद म्हणाले, गाळाकडे सगळेच बघतात,
आपण आधी वाटा बघू.
केसाहून बारीक वाहिन्या फिल्मवर येतही नाहीत,
पण त्यांना बाहेरून बिलगून पेशी बसलेल्या असतात,
त्या हळूहळू मूठ आवळतात.
रक्त थांबत नाही. कमी येतं.
वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी,
आणि झाड काही लगेच वाळत नाही.

मला यात नवं काय होतं?
मेहरीजच्या डाळिंबांना पाणी यायचं दहा कोसांवरून,
जमिनीच्या पोटातून, माणसाने कोरलेल्या कारेजमधून.
बाबा तिच्यात पांढऱ्या कपड्यांनी उतरायचा:
अंधारात दिसावा म्हणून,
आणि कोसळलंच, तर वेगळं कफन नको.
माती भुसभुशीत लागली की भाजलेल्या मातीची कडी
एकापुढे एक बसवत जायचा.
म्हणायचा, पाण्याला भिंत लागते पोरी,
आणि भिंतीला माणूस.

मग आधी भिंत खचते आणि गाळ साचतो,
की गाळच भिंतीत शिरून तिला ठिसूळ करतो?
बेहनूद हसले. यावर आमची भांडणं मिटलेली नाहीत.
मेंदू म्हणे झोपेत आपला कचरा
याच वाहिन्यांच्या कडेकडेने बाहेर काढतो.
बाबा गेली सहा वर्षं रात्रीचा झोपत नाही.
अंगणात उभा राहून पाण्याच्या पाळ्या मोजतो:
तळाला भोक असलेली तांब्याची वाटी,
बुडाली की एक घटका, शेजाऱ्याचं दार उघड.
वाटी नाही. शेजारी नाही. पंप आले
आणि कारेज आटली, त्याला तीस वर्षं झाली.
तरी त्याची घटका चुकत नाही,
मी घड्याळ लावून पाहिलंय.
चुकतं ते माझं नाव.

फिल्म मी घरी आणली. नियमात बसत नाही.
खिडकीच्या काचेवर धरली तर तो उठून आला,
चष्म्याशिवाय. बराच वेळ बघत राहिला.
मग नखाने एक काळं टिंब खरवडलं.
"हे खोदलं कोणी?"
मी गप्प.
"हात चांगला आहे. काम जुनं. पण तिसऱ्या विहिरीपाशी
छत सुटलंय, दिसतंय ना? पोरांना खाली धाडू नका."
मग माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं:
"आपल्या घरची आहे का ही?"

हो, म्हटलं. घरचीच.

त्यानं बाह्या वर सारल्या.
"मग कडी लागतील. चाळीस तरी.
भट्टीवाल्याकडे रजबअलीचं नाव काढू नका,
तो उधार देणार नाही."

रात्री रक्तदाबाची गोळी दिली.
तोंडात टाकण्याआधी त्यानं ती तळहातावर घेतली,
अंगठ्याने दाबून पाहिली,
नीट भाजली आहे का.